सिनेमा आवडला म्हणून विक्रमवही बदलत नाही

'द किंग ऑफ काँग' या २००७च्या माहितीपटाबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. बिली मिचेलचा 'डाँकी काँग' या नाण्यावर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेममधला १९८२चा विक्रम चोवीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. नोकरी गेलेल्या स्टीव्ह वीबीने तो मोडला, पण मिचेलच्या कंपूने त्याला मान्यताच मिळू दिली नाही. मिचेलची लबाडी सिनेमाने तेव्हाच पकडली आणि २०१८ मध्ये ती सिद्धही झाली. वर शेरा: एवढं सगळं पोराटोरांच्या खेळासाठी!

माहितीपट मलाही आवडतो. वीबी गॅरेजात मशीनपुढे, विक्रम हाताशी आलेला, आणि त्याचा लहानगा शी झाली, पुसायला ये म्हणून बोंबलतोय. असा प्रसंग कुणी लिहून सुचत नाही. पण सिनेमा रंगला म्हणजे हिशेब बरोबर आला, असं नाही.

चोवीस वर्षं? मिचेलचे ८,७४,३०० गुण २००० सालीच टिम झर्बीने ८,७९,२०० करून मागे टाकले होते. सिनेमात या माणसाचा पत्ताच नाही.

मान्यता मिळाली नाही? नोंदी ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने चित्रीकरणाआधीच ९,४७,२०० गुणांसाठी वीबीला अव्वल ठरवलं होतं. बिचारा नायक आधीच विजेता निघाला तर गोष्ट कशी रंगणार?

आता लबाडीचं. सिनेमातली तक्रार दुजाभावाची आहे. वीबीने पाठवलेली आपल्या खेळाची टेप पंचांनी मशीनमधल्या सर्किट बोर्डावर संशय घेऊन नाकारली, समोर येऊन खेळ म्हणाले. तो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या फनस्पॉट या गेम पार्लरमध्ये गेला, लोकांसमोर ९,८५,६०० केले. मग मिचेलची १०,४७,२००ची टेप आली आणि ती मात्र चालली! हा अन्यायच, पण पंचांचा. २०१८चा आक्षेप निराळा होता: एक पडदा जाऊन दुसरा येताना मिचेलच्या टेपवर क्षणभर जे चित्र उमटतं, ते मूळ, न बदललेल्या मशीनवर उमटूच शकत नाही. ते खेळाडूंनी टेपा थांबवून थांबवून शोधलं. सिनेमाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ट्विन गॅलेक्सीजने मिचेलचे गुण काढले, गिनेसनेही काढले. मग गिनेसने २०२० मध्ये परत दिले, आणि जानेवारी २०२४च्या तडजोडीत ट्विन गॅलेक्सीजने ते जुन्या नोंदींच्या संग्रहात ठेवले. 'सिद्ध झालं' म्हणून हात झटकण्याइतकं सोपं प्रकरण नाही.

राहिला पोरखेळ. प्रत्येक टप्प्याचं उलटं मोजणारं घड्याळ लावताना मशीन टप्प्याच्या आकड्यात ४ मिळवून १०ने गुणतं. बाविसाव्या टप्प्यात येतात २६०. मशीन तो आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे स्मृतीच्या एका छोट्या कप्प्यात ठेवतं; तिथे २५५च्या पुढे मावत नाही, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरतात ४. घड्याळ शंभराच्या पटीत चालतं, म्हणून ते ४००वर सुरू होतं आणि वरपर्यंत चढायच्या आत खेळातला गडी मरतो. खेळाडू कितीही मुरलेला असो, मशीन तिथेच संपतं. नऊ लाख आणि बारा लाख यांतला फरक त्याआधीच, पिंपांवरून उड्या मारत आणि हातोडा नेमका कधी उचलायचा ते ठरवत, कमवावा लागतो.