मेगापिक्सेल, झूम आणि बिनबिलाचा कॅमेरा : एका फिरत्या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की ‘कमी बजेटमध्ये कॅमेरा घेण्याचे पाच नियम’ हा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेगापिक्सेल जास्तीत जास्त बघा, झूम मोठ्यात मोठा घ्या, सेकंडहँडच्या वाटेला जाऊ नका, बिल न घेता जीएसटी वाचवा, आणि घेतलेला कॅमेरा बॅगेत घालून कपाटात जपून ठेवा. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण पाचातला एक नियम अर्धा बरोबर आहे आणि बाकीचे खिशाला चाट लावणारे आहेत. पंचवीस-तीस हजारांत सगळं बसवायचं तर बॉडीवर (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कमी आणि लेन्सवर जास्त खर्च व्हायला हवा. या मेसेजमध्ये लेन्सचं नावसुद्धा नाही.

आधी मेगापिक्सेल. भिंतीवर लावायला १२ बाय ८ इंची प्रिंट काढायची, तीही चांगली ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), तर ३६०० गुणिले २४०० म्हणजे ८६ लाख पिक्सेल लागतात. २००८ साली आलेला निकॉन डी-९० बारा मेगापिक्सेलचा होता. त्यालाही हे काम सहज जमतं. बाराचे चोवीस झाले म्हणून फोटोतला बारकावा दुप्पट होत नाही. रुंदीत ४२८८ च्या जागी ६००० पिक्सेल येतात, म्हणजे जेमतेम १.४ पट. आणि आपले बहुतेक फोटो जातात व्हॉट्सॲपवर, तिथे ते आणखी दाबले जातात.

ऑनलाइन मिळणारे, कधी नावही न ऐकलेल्या कंपन्यांचे ‘४८ मेगापिक्सेल’, ‘६४ मेगापिक्सेल’ कॅमेरे तर बघूच नका. त्यातल्या अनेकांचा सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली चिप) मुळात छोटा असतो आणि उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. खोक्यावर आकडा मोठा, फोटो चिखल. बघायचा तो सेन्सरचा आकार. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, तर निकॉनच्या स्वस्तातल्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळात तेरापट फरक. रात्रीच्या फोटोत दाणे किती दिसणार, हे मुख्यतः त्यावर ठरतं.

झूमचा नियम अर्धा बरोबर म्हणालो, तो शिवडीच्या फ्लेमिंगोंसाठी. भरती-ओहोटीची वेळ बघून गेलात तर पाणी चढताना पक्षी चिखलावरून काठाकडे सरकतात, तरीही ते लांबच असतात. तिथे २०१५ चा निकॉन पी-९०० सारखा ८३ पट ऑप्टिकल झूमचा कॅमेरा कमी पैशांत जे देतो ते डीएसएलआरला द्यायचं तर लेन्सच बजेटच्या पार बाहेर जाते. तुम्हाला पक्षीच टिपायचे असतील, तेही उन्हात, तर खुशाल घ्या. फक्त ‘डिजिटल झूम’ या आकड्याला भुलू नका. चार पट डिजिटल झूम म्हणजे फोटोचा सोळावा हिस्सा कापून मोठा करून दाखवणं, ते घरी मोबाइलवरही होतं.

पण मेसेज फिरतो गणपतीत, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं विसर्जन. गिरगावात संध्याकाळचे साडेसात, ढोल-ताशा पथक ऐन रंगात, डोक्यावर पिवळे दिवे. पी-९०० पूर्ण झूमला एफ ६.५ वर येतो (एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी). डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्ससुद्धा ५५ ला एफ ५.६ वरच थांबते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) न वाढवता तिथे शटर १/२० सेकंदावर येतं आणि ताशाच्या काड्यांच्या जागी नुसता धूसर पंखा दिसतो. त्याच बॉडीवर ५० एमएम एफ १.८ ची लेन्स लावा. प्रकाश जवळजवळ दहापट आत येतो, शटर १/२०० वर जातं, काडी आणि वादकाचा घाम दोन्ही थिजतात. ही ‘फिफ्टी’ कॅनन आणि निकॉन दोघांच्याही सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये मोडते, सेकंडहँड तर आणखी खाली. माझ्या मते कमी बजेटमधली सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

तिची एक अडचण मात्र आहे. स्वस्तातल्या बॉडीचा सेन्सर महागड्या बॉडीपेक्षा लहान, म्हणून तिच्यावर ५० ची चौकट ७५-८० एमएमसारखी आवळली जाते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मखर, आजी आणि आरतीला जमलेली सगळी पोरं एका फोटोत हवी असतील तर भिंतीला पाठ टेकूनही जमत नाही. घरातले फोटो जास्त काढणार असाल तर निकॉनला ३५ एमएम एफ १.८ आणि कॅननला २४ एमएम एफ २.८ बघा.

निकॉन घेणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेली जुनी ‘एएफ-डी’ फिफ्टी स्वस्त मिळाली म्हणून उचललीत तर ती बसेल, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघूनच पैसे द्या.

(फ्लॅशबद्दल मेसेज गप्प आहे, पण मिरवणुकीत दर दुसरा माणूस तो पेटवतो. बॉडीवरच्या छोट्या फ्लॅशची पोच एफ ४ ला, आयएसओ १०० वर, तीनेक मीटर. गॅलरीतून मूर्तीवर फ्लॅश मारून उजळतात ती फक्त खालच्या माणसांची टकलं.)

आता सेकंडहँड. ‘त्याच्या वाटेला जाऊ नका’ हा सल्ला या बजेटला सगळ्यात महाग पडणारा. कंपन्यांचा सगळा भर मिररलेसवर (आरसा नसलेले नवे कॅमेरे) गेलाय, लग्नाचे फोटोग्राफर जुनं सामान काढून टाकतायत, आणि फोर्टात, सीएसएमटीच्या आसपास, बोरा बाजारच्या बाजूला चांगल्या डीएसएलआर आणि लेन्स नव्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. घाबरायचं कारण नाही, तपासता आलं पाहिजे.

आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. लेन्स एफ १६ वर ठेवून दुकानाबाहेरच्या मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव पाडायला कारण मिळतं. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत तो आकडा, विचारा. स्वस्तातल्या बॉडीचं शटर साधारण लाखभर फोटो धरून बनवलेलं असतं. निकॉनच्या फाइलमध्ये तो आकडा सापडतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फाइलमध्ये नसतो. मग रबराची पकड किती सैल झालीय, बटणांवरची अक्षरं किती पुसलीत, यावरून ताडायचं.

सगळ्यात महत्त्वाची लेन्स. ती बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं उतरवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघत हळूहळू फिरवा. धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या. काचेच्या कडेकडून आत येणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले की लेन्स परत काउंटरवर. ती फंगस आहे. दुकानदार ‘साफ करून देतो’ म्हणेल. वरवरची निघतेही, पण रुजलेली फंगस काचेवरचं कोटिंग खाते आणि तो डाग कुणाच्याच बापाला निघत नाही. दुकानदार टॉर्च लावू देत नसेल तर पुढचं दुकान आहेच.

बिल न घेता जीएसटी वाचवा, यावर फार लिहायची गरज नाही. कॅमेऱ्यावर कर १८ टक्के, आणि बिनबिलाच्या मालात तो सगळा तुमच्या पदरात पडतो असं समजू नका. दुकानदार त्यातला वाटा ठेवतोच. बिलाशिवाय कंपनीची भारतातली वॉरंटी मिळणं कठीण. लोकलच्या गर्दीत कॅमेरा गेला तर पोलिसांना तो तुमचा होता हे दाखवायला सीरियल नंबर आणि बिलच लागतं. विकताना खोकं-बिल असलेल्या कॅमेऱ्याला भावही बरा येतो. बिल घ्या आणि त्यावरचा नंबर बॉडीखालच्या नंबराशी तिथेच जुळवून बघा.

उरला पाचवा नियम, बॅग आणि कपाट. पुण्यात कदाचित चालून जाईल. मुंबईत जून ते सप्टेंबर बंद कपाट म्हणजे फंगसची नर्सरी: अंधार, दमटपणा आणि हवा हलत नाही. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो, चामड्याचं केस तर त्याहून वाईट. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की फंगसला पोषक, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर सहज असते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर भांड्यांच्या दुकानातला रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा, फार कोरडंही नको. जेल नारिंगी घ्या. ओल पिऊन ते हिरवं झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळं असतं त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, ते स्वयंपाकघरात तापवू नका. नारिंगीसाठीही कढई वेगळीच ठेवा.

एसी खोलीतून थेट बाहेर काढलात तर काचेवर दव धरतं. आधी झिपच्या पिशवीत घालून बाहेर न्या, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. मरीन ड्राइव्हला भरतीचे तुषार अंगावर घेऊन आलात तर घरी आल्या आल्या किंचित ओल्या कापडाने बॉडी पुसा, मीठ फटीत जाऊन बसतं. आणि कपड्यांना घालतो त्या डांबरगोळ्या किंवा कापूर कॅमेऱ्याच्या डब्यात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. निकॉनच्या मॅन्युअलमध्येच त्याला मनाई आहे.