'सिनेटचा भीष्माचार्य' वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रॉबर्ट बर्ड या वेस्ट व्हर्जिनियाच्या दिवंगत अमेरिकी सिनेटरवरच्या माझ्या लेखात मी वाल्याचा वाल्मीकी करून टाकला, असं तुम्ही लिहिलंत. त्याची ५१ वर्षांची सिनेटरकी कौतुकाने सांगितली, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी, हिंसक संघटनेतलं त्याचं सदस्यत्व मात्र एका ओळीत उरकलं, त्याचा पश्चात्ताप मतांसाठी होता, देशाचा पैसा त्याने आपल्या राज्यात ओढून नेला आणि वर 'भीष्माचार्य' हे शीर्षक! शेवटी 'कोळसा उगाळावा तितका काळाच' हेही ऐकवलंत. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा-पट्ट्यात वाढलेल्या माणसाला म्हण चपखल बसते, हे मानलं.

एका ओळीत उरकलं, ही चूक कबूल. त्याने नुसती वर्गणी भरली नव्हती, माणसं जमवून शाखाच काढली होती. पुढे संबंध तोडल्याचं तो सांगायचा, पण १९४६ साली क्लॅनच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र मागे राहिलंच.

पण तुम्ही पंचविशीतल्या बर्डपाशीच थांबलात. मला जास्त खुपतो तो ४६ वर्षांचा बर्ड. ९ जून १९६४. वर्णभेदाला बंदी घालणारं नागरी हक्क विधेयक लांबलचक भाषणाने अडवायला तो संध्याकाळी ७ वाजून ३८ मिनिटांनी बोलायला उभा राहिला आणि थांबला दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजून ५१ मिनिटांनी. १४ तास १३ मिनिटं! त्याच दिवशी सिनेटने ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद केली, विधेयकाची वाट मोकळी झाली, म्हणजे सगळा खटाटोप वाया. तेव्हा तो कुठल्या टोळीत नव्हता. निवडून आलेला सिनेटर होता, खासदारकी सांभाळत शिकून वर्षभरापूर्वीच कायद्याची पदवी घेतलेला. तरुणपणी पाय घसरला, ही सबब इथे चालत नाही.

पश्चात्ताप मतांसाठी, हे मात्र पटत नाही. वेस्ट व्हर्जिनियात कृष्णवर्णीय मतदार मुळात मूठभर. डेमोक्रॅटिक पक्षात वर चढायचं तर उत्तरेकडच्या उदारमतवादी सहकाऱ्यांची मर्जी लागत होती, असं म्हणा. १९७१ मध्ये त्याने टेड केनेडीला हरवून पक्षाचं प्रतोदपद मिळवलं, ते काही क्लॅनच्या जोरावर नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गूड मार्शल याच्या नेमणुकीला विरोध करणाऱ्या याच माणसाने १९८३ मध्ये नागरी हक्क चळवळीचा नेता मार्टिन ल्यूथर किंग याच्या नावाच्या राष्ट्रीय सुट्टीला होकार दिला. मधे १९८२ मध्ये त्याचा किशोरवयीन नातू अपघातात गेला. काळ्या माणसांचाही आपल्या लेकरांवर असाच जीव असेल, हे तेव्हा उमगलं, असं तो सांगे. साठी उलटल्यावर! यावर हसावं की गप्प बसावं, मला अजून कळत नाही.

राज्यात पैसा ओढून नेला, हा तुमचा तिसरा आक्षेप. नेलाच. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक गावची जुनी रेडिओ दुर्बीण १९८८ मध्ये एका रात्रीत कोसळली, तेव्हा नवीसाठी निधी त्यानेच मिळवून दिला. २००० मध्ये ती उभी राहिली, १०० मीटरची, आणि नाव बर्डचंच. पैसा देशाचा, पाटी त्याची. पण खाणी आटलेल्या त्या डोंगराळ भागाकडे दुसरं कोण बघत होतं?

१९६४ च्या त्या रात्रीचा परिच्छेद आज मूळ लेखात घातला आहे. शीर्षक मात्र बदलत नाही. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा भीष्माचार्यही तिथेच बसले होते. फरक एवढाच, की ते गप्प राहिले आणि हा रात्रभर बोलत होता.