जुन्या गाडीचा टॉर्क आणि एक फिरता सल्ला

जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जिप्सी यांसारख्या गाड्यांची दुरुस्ती मॅन्युअल आता मिळत नाहीत; मूळ परदेशी गाडीची पीडीएफ उतरवून घेतली की काम भागते, कारण ‘सगळे तेच असते’; टॉर्कसाठी, म्हणजे बोल्ट किती जोर लावून पिळायचा यासाठी, बोल्टच्या मापाचा एक तक्ता पुरतो; तोही नसेल तर मुरलेल्या मिस्त्रीचा हात असतोच; आणि शंका आलीच तर थोडे जास्त आवळलेले बरे. यातल्या एकेका विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. मात्र त्यावर विसंबून कोणी इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, बसवू नये, असे मला वाटते.

मॅन्युअल मिळत नाहीत, हे पहिले विधान बहुतेक वेळा चुकीच्या शोधातून येते. माणूस गाडीच्या नावाने शोधतो. शोधायचे असते इंजिनच्या नावाने. प्रीमियर ११८एनई हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचे ए१२, म्हणजे ११७१ सीसीचे. ‘११८एनई मॅन्युअल’ शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, पण ए१२ हे इंजिन निसानने जगभरच्या छोट्या गाड्यांत वापरले असल्यामुळे त्यावरचे साहित्य विपुल आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचेही तसेच: सुरुवातीला बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) १४८९ सीसीचे इंजिन, नंतर इसुझूचे १८०० सीसीचे. तेव्हा पहिले काम म्हणजे ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरची, काजळी पुसून इंजिन क्रमांक वाचणे. दुसरे काम म्हणजे आपल्याला कोणते पुस्तक हवे आहे हे ठरवणे, कारण मालकासाठीची पुस्तिका, सुट्या भागांची यादी आणि गॅरेजसाठीचे वर्कशॉप मॅन्युअल ही तीन वेगळी पुस्तके आहेत, आणि रद्दीवाल्याकडे बहुधा पहिलेच सापडते. टॉर्कचे सविस्तर आकडे तिसऱ्यात असतात. सुट्या भागांची यादी मात्र तुच्छ लेखू नये. मूळ बोल्ट किती लांबीचा होता आणि त्याखाली वॉशर होता की नाही, हे तिच्यातूनच कळते.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. पद्मिनी म्हणजे फियाट ११००डी, हे आपण सगळेच म्हणतो. परंतु इटलीत १९६२ साली आलेल्या ११००डी चे इंजिन १२२१ सीसीचे होते आणि कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचे १०८९ सीसीचे. अंगकाठी एकच असली तरी इंजिन तेच नव्हे, आणि इटालियन ११००डी च्या पुस्तकातला आकडा पद्मिनीला लावण्यापूर्वी तो कोणत्या इंजिनासाठी छापला आहे हे पाहणे आवश्यक ठरते. जिप्सीत हा घोळ उलट्या बाजूने होतो. १९८५ ची जिप्सी ९७० सीसीची. १३०० सीसीचे इंजिन तिला १९९६ मध्ये मिळाले. परदेशात ‘सामुराई’ नावाने विकल्या गेलेल्या भावंडाच्या मॅन्युअलमध्ये बहुतांशी मोठ्या इंजिनाचे वर्णन असते, आणि जुन्या जिप्सीचा मालक तेच आपले समजून वापरतो. अ‍ॅम्बेसेडरमध्ये तर एकाच बॉनेटखाली दोन वेगळ्या घराण्यांची इंजिने आली: बीएमसीचे बिडाच्या हेडचे, इंची आट्यांचे, आणि नव्वदीच्या दशकात आलेले इसुझूचे, मिलिमीटरच्या मापाचे.

पीडीएफची स्वतःचीही दुखणी असतात. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचे स्कॅन, अशा प्रवासात दशांशचिन्ह गळते आणि ३ चा ८ होतो. यावर एक साधी तपासणी आहे, जी मी प्रत्येक तक्त्यावर करतो. जुनी पुस्तके बहुधा एकच टॉर्क दोन एककांत देतात. किलोग्रॅम-मीटरमधल्या आकड्याला ७.२३ ने गुणले की पौंड-फूट यायला हवेत, आणि ९.८१ ने गुणले की न्यूटन-मीटर. ६.० च्या शेजारी ४३ असेल तर ओळ विश्वासार्ह आहे, ६.५ च्या शेजारी ४३ असेल तर दोहोंपैकी एक आकडा बिघडला आहे. एकक न पाहता आकडा उचलण्याची चूकही इथेच पकडता येते: ६० न्यूटन-मीटर हे ६० पौंड-फूट समजून आवळले, तर बोल्टवर ८१ न्यूटन-मीटरचा टॉर्क पडतो. याखेरीज मुखपृष्ठामागचे पान स्कॅनमध्ये आहे का, हे पाहावे. आवृत्ती, छपाईचे वर्ष आणि कोणत्या चॅसिस क्रमांकापासूनच्या गाड्यांना ते पुस्तक लागू आहे, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते, आणि नेमके तेच पान कोणी स्कॅन करत नाही.

आता तक्त्याविषयी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले असते; त्याचा अर्थ ताणसामर्थ्य ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्के ताणाला बोल्ट कायमचा लांबू लागतो. १० मिमीच्या अशा बोल्टला सर्वसाधारण तक्ते ४५ ते ५० न्यूटन-मीटर सांगतात, १०.९ प्रतीच्या बोल्टला ७० च्या आसपास. हे आकडे खोटे नाहीत. पण ते पोलादी बोल्ट पोलादातच बसतो आहे असे गृहीत धरून काढलेले असतात. ए१२ सारख्या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तिथे बोल्ट शाबूत राहून आटे उपटून येतात, आणि मग लेथवाल्याच्या दारात उभे राहावे लागते. तेलाच्या चेंबरला बुचाचे गास्केट (जोडातून गळती होऊ नये म्हणून मधे घातलेला मऊ थर) असेल, तर बोल्टची ताकद हा प्रश्नच उरत नाही, कारण गास्केट त्याच्या कितीतरी आधी चेपून बाहेर येते. थोडक्यात, टॉर्क त्या जोडाचा असतो. बोल्ट हा त्या जोडाचा केवळ एक भाग आहे. शिवाय अ‍ॅम्बेसेडरचा ३/८ इंची बोल्ट ९.५ मिमीचा भरतो, आणि ‘जवळपास दहाच’ म्हणून त्याला १० मिमीची ओळ लावणारे मी पाहिले आहेत.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तेल. पान्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो आणि जेमतेम दहा टक्क्यांतून खरी पकड निर्माण होते. त्यामुळे आट्यांना तेल लावले की त्याच टॉर्कला पकड पुष्कळ वाढते. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचे, कोणत्या क्रमाने आणि किती टप्प्यांत आवळायचे, गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर हेड पुन्हा आवळायचे का, आणि ते गरम असताना की थंड, हे सारे मॅन्युअल सांगते. नुसता आकडा यातले काहीच सांगत नाही.

मिस्त्रीच्या हाताबद्दल मला आदर आहे आणि ब्रॅकेट, क्लॅम्प, एअर फिल्टर यांसाठी तो पुरेसाही आहे. परंतु हाताला जाणवतो तो विरोध, आणि विरोध म्हणजे मुख्यतः वर सांगितलेले घर्षण. गंजलेला आटा लवकर घट्ट वाटतो, तेलकट आटा उशिरा. चांगल्या टॉर्क पान्यानेही प्रत्यक्ष पकडीत पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक राहू शकतो. नुसत्या हाताने तो किती वाढेल, याची कल्पना करावी. तसेच तो हात रोजच्या सरावाने तयार झालेला होता. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे कायमच्या गेल्या. महिन्याला दहा हेड उतरवणारा मिस्त्री आता वर्षाला एखादे उतरवत असेल, तर त्याच्या हाताची आठवण पूर्वीइतकी ताजी राहील असे मानता येत नाही.

राहिले ‘थोडे जास्त’. पान्याला पाइप लावून आवळलेला बोल्ट एकदा ताणमर्यादेपलीकडे गेला की त्याची पकड वाढत नाही, तो फक्त लांबतो, आणि पुढच्या वेळी योग्य टॉर्कलाही तुटू शकतो. ज्या गाडीत असे पूर्वी कोणी केले आहे, तिथे अचूक मॅन्युअल हाती असूनही जुन्याच बोल्टवर त्याचा आकडा लावणे व्यर्थ आहे. आधी जुना बोल्ट नव्याशेजारी उभा धरून लांबी ताडून पाहावी, आटे कोऱ्या नटातून हाताने फिरवून पाहावेत, आणि ब्लॉकमधली बंद भोके वाऱ्याने साफ करावीत. त्यात साचलेल्या तेलावर वा पाण्यावर बोल्ट आवळला तर तो द्रव दबून ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि पान्यावरचा काटा तेव्हाही अगदी बरोबर आकडा दाखवत असतो.