हवा खेळती पाहिजे

एकोणीस मिलिमीटर. अंगठा आडवा धरला की साधारण तेवढं अंतर होतं. तेवढ्यासाठी परवा मी तीन तास जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) मांडीवर, त्याचं नवं कॅबिनेट समोर आडवं पाडलेलं, तर्जनी आय-ओ शील्डच्या, म्हणजे मागच्या सॉकेटांभोवतीच्या, पत्र्याने कापलेली, आणि मागे सोफ्यावर बायकोचे मामा.

झालं कसं ते भराभर सांगतो कारण त्यात माझाच गाढवपणा आहे. कॅबिनेट मी फोटो बघून घेतलं. पुढून काच, बाजूने काच, आत निळा उजेड, मासे सोडायचे तेवढे बाकी, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हाय एअरफ्लो'. घरी उघडल्यावर कळलं की यात प्रोसेसरचा कूलर १६० मिलिमीटर उंचीपर्यंतच चालतो. माझा जुना टॉवर कूलर १६५. पाच मिलिमीटरसाठी बाजूची काच लागेना. मग म्हणलं चला, लिक्विड कूलर घेऊ, तसाही मनातून हवाच होता (हे घरात बोलू नका). घेतला तो तीन पंख्यांचा, ३६० वाला (१२० मिलिमीटरचे तीन ओळीत). कॅबिनेटच्या वरच्या बाजूला २४० चाच बसतो, म्हणून हा गेला पुढे. रेडिएटर, म्हणजे ज्यात तो लिक्विड गार होतो तो भाग, २७ मिलिमीटर जाड, त्याच्यावर पंखे २५, म्हणजे ५२ मिलिमीटर आत घुसला. खोक्यावर लिहिलंय कार्ड ३५५ पर्यंत बसतं. ३५५ वजा ५२ केले की उरतात ३०३. माझं कार्ड ३२२. अडले ते एकोणीस.

मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात टीप आहे की ३५५ हे माप पुढे पंखा किंवा रेडिएटर काहीही नसताना धरलेलं आहे. अहो पण पुढे पंखाच नसेल तर हाय एअरफ्लो कसला? एकाच खोक्याच्या दोन बाजूंवर दोन गोष्टी छापायच्या, दोन्ही खऱ्या, फक्त एका वेळी एकच. खोलीत चार पलंग मावतात म्हणायचं आणि माणसं बाहेर झोपवायची.

तर मामा. मामा रिटायर्ड विज्ञान शिक्षक. चार दिवस राहायला आलेत. माणूस प्रेमळ, पण समोर कोणी जमिनीवर मांडी घालून बसलेला दिसला की त्यांना तो वर्गच वाटतो. मी खोकं उघडलं तेव्हापासून ते बघत होते. आधी नुसतं 'हं' म्हणायचे. मी स्टँडऑफचे, म्हणजे मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) ज्यांच्यावर टेकतो ते, पितळी स्क्रू मोजत होतो, एक कमी पडत होता, तेवढ्यात मागून चर्रर्र असा लांबलचक आवाज आला. वळून बघतो तर मामांनी पुढच्या काचेवरची प्लास्टिकची फिल्म एका दमात, वरपासून खालपर्यंत सोललेली.

"हे काढायचंच असतं ना?" सोलून झाल्यावर विचारलं.

मी काय बोलणार. नवीन काचेवरची फिल्म सोलणे हे कॅबिनेट घेण्यातलं एकमेव निखळ सुख, खरं सांगायचं तर निम्मे पैसे माणूस त्याचेच देतो, आणि ते मामांनी माझ्या डोळ्यादेखत, नाही, पाठीमागे उपभोगलं. म्हणलं असू दे मामा, दुसऱ्या काचेवर आहे अजून. हे मी का बोललो देव जाणे. पुढच्या मिनिटाला दुसरा चर्रर्र.

मग कार्ड अडलं. मी ते तिरकं करून बघितलं, उलटं करून बघितलं, श्वास रोखून बघितलं. आणि मामा सरसावले.

"जावईबापू, मला सांगा, उष्णतेच्या संक्रमणाचे प्रकार किती?"

मी चाळिशीचा माणूस. होम लोन आहे मला. पण तो सूर असा की तोंडातून आपोआप निघालं, "तीन."

"कोणते?"

"वहन, अभिसरण, प्रारण."

"शाब्बास. आता अभिसरणात काय होतं?"

"मामा, कार्ड बसत नाहीये, उष्णतेचं नंतर बघू."

"गरम हवा हलकी होऊन वर जाते. मग तुम्ही पुढून पंखे का लावलेत? वरून गरम हवा आपोआप जाईल. ते पुढचं सगळं काढून टाका, तुमचं कार्ड पण बसेल."

आता गंमत बघा, यातलं शेवटचं वाक्य गणिताने बरोबर आहे. म्हणूनच डोकं फिरलं. मी सांगायला गेलो की मामा, गरम हवा वर जाते हे खरं, पण एवढ्याशा डब्यात तिचा तो जोर फार क्षीण असतो, साधा १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरत असला तरी तिला पाहिजे तिकडे ढकलतो. म्हणून आपण तिला रस्ता आखून द्यायचा, पुढून गार आत, मागून आणि वरून गरम बाहेर. आत येणारी हवा जराशी जास्त ठेवली तर फटींमधून धूळ पण ओढली जात नाही, फिल्टरमधूनच काय ती येते.

"प्रयोग करून दाखवा," मामा म्हणाले.

दाखवला. बिलाच्या कागदाची पट्टी फाडली. कार्ड बाजूला ठेवून मशीन चालू केलं, पट्टी वरच्या जाळीवर धरली, ढिम्म. मागच्या पंख्याजवळ धरली, फडफडली. मी विजयी मुद्रेने मामांकडे बघितलं.

"कागद जड आहे," मामा म्हणाले. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पोरांना प्रयोगवह्या परत लिहायला लावल्या तो माणूस निष्कर्ष न पटल्यावर कागद जड आहे म्हणतो! मी चिडून काच काढली आणि पट्टी पुढच्या पंख्यांसमोर धरली. पहिल्याने आत ओढली. दुसऱ्याने आत ओढली. तिसऱ्याने माझ्या तोंडावर फेकली.

पंखा उलटा लावला होता मी. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, हे मला पंधरा वर्षांपासून माहितीये, लोकांना मी फोनवर सांगतो. म्हणजे दोन पंखे हवा आत घेत होते आणि तिसरा तीच हवा परत बाहेर नेऊन सोडत होता. मामा काही बोलले नाहीत. नुसतं चष्मा काढून पुसला. त्यापेक्षा छडी मारली असती तर बरं झालं असतं.

पंखा सुलटा करताना मामांनी विचारलं, "पण हे बनवणाऱ्यांना कळत नाही का हवेचं?" हा मात्र बरा प्रश्न होता. कळतं की. कळून काय होतं? आपण ज्या मापाचे मदरबोर्ड अजून वापरतो ते एटीएक्स इंटेलने १९९५ मध्ये आणलं. तेव्हा ग्राफिक्स कार्ड तळहाताएवढं असायचं, त्याला पंखाही नसायचा. पुढे प्रोसेसर भट्टीसारखे तापायला लागले तेव्हा त्याच इंटेलने २००३ च्या सुमारास बीटीएक्स म्हणून नवीन मांडणी काढली, सगळं असं ओळीत ठेवलेलं की हवा पुढून शिरून सरळ प्रोसेसरवरून जावी. चांगला विचार होता. पण मग कमी तापणारे प्रोसेसर आले, लोक म्हणाले आता कशाला, आणि २००६ मध्ये बीटीएक्स गुंडाळलं. आता कार्डं वाढून हातभर झालीत, आणि कॅबिनेटवाल्यांनी हवेच्या तोंडावर काच लावलीये.

या काचेचं मला खरंच कळत नाही. पुढे जाळी असली की विषय संपतो. स्वस्त असते, हलकी असते, धुता येते. पण फोटोत जाळी चाळणीसारखी दिसते आणि काच भारी दिसते, म्हणून काच. मग हवा कुठून येणार, तर कडेने बोटभर फट ठेवलीये. तीन पंखे त्या फटीतून श्वास घेणार, सर्दी झालेल्या माणसासारखे, आणि वेग वाढवून घुंईं आवाज करणार. वर यालाच 'हाय एअरफ्लो' म्हणायचं! कशापेक्षा हाय? बंद डब्यापेक्षा? त्या शब्दाला काही मोजमाप नाही, कोणी तपासत नाही, खोक्यावर शाई पडली की झालं. कार्डाची लांबी निदान टीप देऊन तरी फिरवतात. आणि मी फोटोला भुललो, ते आहेच, पण फोटोला भुलावं म्हणूनच तो काढलेला असतो ना. राग येतो तो याचा की मी हे सगळं घ्यायच्या आधी एका मित्राला सांगत होतो. जाळी घे, कूलरची उंची बघ, कार्डाची लांबी पंखे धरून मोज, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबलला वळायला जागा ठेव. त्याने ऐकलं. त्याचं कॅबिनेट कुरूप आहे आणि त्याच्या पंख्यांचा आवाजसुद्धा येत नाही.

असो. शेवटी डोक्यात आलं की पंखे रेडिएटरच्या आतल्या बाजूला कशाला हवेत, ते पत्र्याच्या सांगाड्याच्या बाहेरून, पुढच्या काचेकडे लावले तर? आत फक्त रेडिएटरचे २७ जातील. ३५५ वजा २७, ३२८. कार्ड ३२२. सहा मिलिमीटर शिल्लक! मी अक्षरशः ओरडलो. मामा दचकून उभे राहिले. बारा लांब स्क्रू काढून परत लावले, कार्ड सरकवलं, कट् असा आवाज आला. गेल्या कित्येक वर्षांत इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

आणि मग पुढची काच लागेना. तिच्यामागे पंख्यांना २५ मिलिमीटर पाहिजे, जागा आहे अठरा.

तेव्हा सध्या माझं कॅबिनेट तोंड उघडं टाकून उभं आहे. काच भिंतीला टेकवलीये. फिल्टर त्या काचेलाच जोडलेला होता, त्यामुळे तोही गेला. तीन पंखे उघडे फिरतायत, मुलीला सांगून ठेवलंय बोट घालू नकोस, तिने त्या क्षणापर्यंत तसा विचारही केला नव्हता. पण कार्डाचं तापमान, जे जुन्या कॅबिनेटमध्ये गेम खेळताना ८३ अंशांना जायचं, ते ७१ च्या वर जात नाहीये. म्हणजे ज्या काचेसाठी कॅबिनेट घेतलं ती काढल्यावर ते कॅबिनेट उत्तम झालं.

"मी काय म्हणत होतो," मामा म्हणाले. "हवा खेळती पाहिजे." मामा काय म्हणत होते ते सोफ्याला विचारा. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, रात्री बायकोला फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "हो ना, मामांनीच सुचवलं म्हणे, पुढचं सगळं काढायचं."

काल सकाळी ठरवलं की परत करायचं हे आणि जाळीवालं घ्यायचं. विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर पाच मिनिटांत आलं, अगदी नम्र, नावाने नमस्कार वगैरे. परत घेऊ, सात दिवसांत, मूळ स्थितीत. काचेवरची संरक्षक फिल्म काढलेली नसावी.

मी तो मेसेज मामांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मामा शांतपणे उठले, आत गेले, आणि आपल्या बॅगेतून नीट चौघडी घातलेल्या दोन्ही फिल्म घेऊन आले. "टाकून कशाला द्यायच्या, म्हणून ठेवल्या होत्या," म्हणाले.

चिकटवून तरी बघू म्हणलं. काच जमिनीवर आडवी ठेवली, मी एक टोक धरलं, मामांनी दुसरं, आणि इंच इंच खाली सोडत आणली. घड्यांच्या रेघा तशाच राहिल्या, त्यात माझा एक केस अडकला, आणि मधोमध पोळीसारखा टम्म फुगा आला. मी पट्टीने तो कडेला ढकलला तर दुसरीकडे दोन आले.

मामा चष्मा नाकावर ओढून वाकले, त्या फुग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "जावईबापू, इथे हवा अडकलीये बघा."