रात्रपाळी

आमच्या ह्यांनी परळीच्या थर्मलमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि जाहीर केलं, "आता रात्री नऊनंतर जगबुडी झाली तरी मला उठवायचं नाही." सात वर्षं मी तो शब्द पाळला. मोडला तो बर्लिनमध्ये, आणि तोही नाचायला जायचं म्हणून.

लेक तिथे नोकरीला आहे. आम्ही नोव्हेंबरात गेलो, कारण तेव्हा विमानाचं तिकीट स्वस्त होतं. ते स्वस्त का होतं हे विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा कळलं. आठ दिवस तिने आम्हाला संग्रहालयं दाखवली आणि बर्लिनच्या भिंतीचे तुकडे दाखवले. आम्ही पाहिलेले तुकडे जोडले असते तर भिंत पुन्हा उभी राहिली असती. नवव्या दिवशी मी म्हटलं, "शनिवारी रात्री तुझा फोन लागत नाही. रविवारी दुपारी लागतो तेव्हा तुझा घसा बसलेला असतो. तू जातेस तरी कुठे, ते दाखव."

लेक आधी हसली, मग गप्प झाली, मग तिच्या मित्राकडे बघायला लागली. हा मित्र जर्मन. रोज संध्याकाळी 'सहज' यायचा आणि माझ्या हातचं पिठलं दोनदा वाढून घ्यायचा. त्याच्याविषयी अजून कुणी काही बोललेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बँकेत नोकरी केली की एक कळतं, खातं उघडायचं असलं की माणूस आपणहून फॉर्म मागतो.

"क्लब आहे आई. टेक्नो म्युझिकचा. तुम्हाला नाही आवडणार."

"जुन्या पॉवर हाउसमध्ये आहे," मित्र म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण त्यातले शेवटचे दोन शब्द ह्यांना पुरले. वर्तमानपत्र खाली आलं. "किती मेगावॅटचं?"

तिथेच ठरलं.

रात्री बाराचा गजर लावला. शहाणी माणसं तिथे एक-दीडनंतर जातात म्हणे. आधी गेलं तर मुहूर्ताच्या दोन तास आधी मांडवात पोचलेल्या पाहुण्यांसारखं बसून राहावं लागतं. हे नऊला झोपले, बाराला उठले, सवयीने दाढी केली आणि दारात उभं राहून म्हणाले, "डबा?"

कपडे काळे घाला, असा लेकीचा हुकूम होता. काळं मी फक्त संक्रांतीला नेसते, आणि ती साडी लातूरला कपाटात. लेकीचा लांब कोट चढवला. ह्यांच्याकडे काळं म्हणजे छत्री. त्यांनी नेहमीचा राखाडी स्वेटर घातला आणि वर चॉकलेटी माकडटोपी. लेकीने टोपीसाठी फार विनवण्या केल्या. "थंडी मला वाजतेय की त्या दारवानाला?" ह्यांनी विचारलं. यावर काय बोलणार?

रांग बघून मला घरच्यासारखं वाटलं. महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या दर्शनाला लागते तशी, तितकीच वळणावळणाची आणि तितकीच न हलणारी. फरक इतकाच की इथे कुणी शेंगदाणे विकत नव्हतं आणि रांगेच्या शेवटी देव दर्शन देईलच याची खात्री नव्हती. दारावरचा माणूस चेहरा बघून ठरवतो. का घेतलं ते सांगत नाही आणि का नाकारलं तेही नाही. आमच्या बँकेतही कर्जाची प्रकरणं काही काळ याच पद्धतीने मंजूर व्हायची, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

लेकीने सूचना दिल्या. हसायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, फोन बाहेर काढायचा नाही, उत्सुक दिसायचं नाही. इतका गंभीर चेहरा करून मी आजवर फक्त मयतीला गेलेय.

दोन तास उभं राहायचं म्हटल्यावर मित्राने इतिहास सांगायला घेतला. १९४९ साली पश्चिम बर्लिनमध्ये रात्री हॉटेलं बंद करायची वेळ ठरलेली असायची. हाइन्झ झेलरमायर नावाचा हॉटेलवाला व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याकडे गेला, आणि ती वेळच रद्द करून घेऊन आला. तेव्हापासून या शहराला बंद व्हायची वेळ नाही. मला हसू आलं (न हसण्याची सूचना विसरून), कारण त्याच १९४९ साली आपल्याकडे मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. तिकडे बाटली दाखवून रात्र मोकळी झाली आणि आपल्याकडे बाटलीला परवाना लागला.

पुढची गोष्ट तर माझ्या खात्यातलीच निघाली. भिंत पडली तेव्हा पूर्व भागात गोदामं, कारखाने, तळघरं ओस पडली होती. पोरांनी तिथे स्पीकर नेऊन ठेवले. १९९१ साली एक क्लब सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या तळघरात, गंजलेल्या लॉकरांच्या रांगांमध्ये. नावही 'ट्रेझोर', म्हणजे तिजोरीच. मी बावीस वर्षं लॉकर रूमच्या किल्ल्या सांभाळल्या. आत चपला घालून कुणाला येऊ दिलं नाही, आणि इथे माणसं नाचत होती!

दार जवळ आलं तशी लेक कुजबुजली, "चौघं एकदम नको. मोठ्या घोळक्याला नाही म्हणतात. तुम्ही दोघं पुढे व्हा." तिचा डाव मला नंतर कळला. आम्हाला नाकारतील, प्रश्न मिटेल, सगळे घरी जाऊन झोपतील.

दारावरच्या माणसाच्या मानेवर, हातांवर, बहुधा सगळीकडेच गोंदलेलं होतं. त्याने मला पाहिलं आणि मी मयतीचा चेहरा केला. त्याने ह्यांना पाहिलं, पण हे त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या डोक्यावरून ते इमारतीच्या भिंतीकडे बघत होते. मग सगळ्या सूचना धाब्यावर बसवून त्यांनी विचारलं, "कोल ऑर ऑइल?"

तो माणूस माकडटोपीकडे बराच वेळ बघत राहिला. मग बाजूला झाला.

आम्ही आत गेलो. मागून आवाज आला, "आज नाही." वळून बघते तर लेक आणि मित्र, नखशिखांत काळे, चेहरे अगदी नियमाप्रमाणे मेलेले, आणि त्या माणसाचा हात आडवा. "आई, जा तुम्ही!" लेक ओरडली. तिच्या आवाजात राग होता की अभिमान, ते अजून ठरलेलं नाही.

बाहेर यायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण झडती घेणाऱ्याने तोवर माझी पर्स उघडली होती. त्यात त्याला प्लॅस्टिकची छोटी पुडी सापडली आणि पुडीत मातकट पूड. त्याचे डोळे चमकले. तो मला प्रश्न विचारत होता आणि मी पोटावर हात फिरवून दाखवत होते. शेवटी त्याने पुडी उघडली आणि जवळून हुंगली. हिंगाष्टक चूर्ण होतं ते, लातूरच्या वैद्यांकडचं, ताजं. त्याने पुडी ज्या वेगाने बंद करून परत दिली, त्या वेगाने आमच्या बँकेने कधी कुणाची ठेव परत केली नाही.

मग फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आत फोटो काढायचे नाहीत. मग दोघांचे पन्नास युरो रोख. हे रुपयात करून बघू नये हे मला कळतं, तरी केलं. साडेचार हजारांच्या वर. आता सकाळपर्यंत बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. कोट काढून दिले, टोकन घेतलं, देवळाबाहेर चपला ठेवतो तसं. ह्यांनी टोपी दिली नाही.

आवाज कानाला लागायच्या आधी बरगड्यांना लागला. पायऱ्या चढताना मला वाटलं, रक्तदाब वाढला. वर गेल्यावर कळलं की आपला नाही, इमारतीचा वाढलाय. काळोख, धूर, मधूनच दिव्याचा फटका, आणि काही शे माणसं एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी नाचत होती. कुणी कुणाचा हात धरत नव्हतं की कुणाकडे बघत नव्हतं. कडवं नाही, धृपद नाही, शब्द तर नाहीतच. नुसता ठोका. गणपतीत ढोल-ताशा दणाणतो, पण ताशा मध्येच वळण घेतो, ढोलवाले दमतात, गुलाल उडतो, चौक येतो. इथे चौक येतच नाही.

पर्समध्ये लेकीच्या देवघरासाठी आणलेल्या फुलवाती होत्या. फुलवातीचा आकार ज्या कुणी ठरवला, त्याने कानाचा विचार केला असणार. देठ आत जातो, फूल बाहेर राहतं. मी दोन माझ्या कानात घातल्या, दोन ह्यांच्या टोपीखाली खुपसल्या. शेजारी चंदेरी जाकीटवाली मुलगी नाचायची थांबून बघत होती. तिने स्वतःच्या कानाकडे बोट केलं. दिल्या. मग तिच्या मैत्रिणीला दिल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे रांग लागली.

हे मात्र नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हते. मान वर करून छताकडे बघत होते. तिथे काँक्रीटचे उलटे पिरॅमिड लोंबत होते. मला वाटलं, कलाकुसर असेल. ह्यांनी माझा दंड पकडला आणि हातवारे सुरू केले. मुठी वरून खाली, बोटं पसरून, मग तळहात सरकवत. आणि मला चक्क कळलं! कोळशाचे हॉपर. वरून कोळसा पडायचा, खाली बॉयलरमध्ये जायचा. मूठ गोल फिरवली, म्हणजे व्हॉल्व्ह. दोन बोटं खाली, म्हणजे दोन नंबरचा संच बंद. टर्बाइन हॉलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं अशीच बोलतात, हे ते मला लग्नानंतर कधीतरी म्हणाले होते. मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

घरी दिवसाला वीस शब्दांवर न जाणारा माणूस त्या काळोखात अर्धा तास अखंड बोलत होता. त्या सगळ्या गर्दीत मनातलं समोरच्याला कळवू शकणारा तो एकटाच होता. बाकीचे एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि "काय?" म्हणत होते.

तासाभराने त्यांनी घड्याळ दाखवलं. मग दहा बोटं दहादा, आणि पुढे दोन. कारखान्याचा नियम, नव्वद डेसिबलला आठ तास, शंभरला दोन. वर गेलं की वेळ आणखी कमी. आमचे दोन भरत आले होते. नियमाने मशिनपासून लांब जायला हवं, म्हणून आम्ही जिन्याजवळच्या बाकावर गेलो. एकतीस वर्षं ते नियम मोजत आले असतील, आणि मी मात्र घरी भाजी काय करू म्हणून तीनदा विचारायला लागलं की म्हणायची, मुद्दाम ऐकत नाही.

स्वच्छतागृहाची हकिकत थोडक्यात सांगते. बायका-पुरुष एकच रांग, आणि एकेका दारातून तिघं-तिघं आत. ते आत काय करत होते हे मी विचारलं नाही. एका खिडकीवर तिघं आले की मी बँकेत "दोघं मागे व्हा" म्हणायची, तेवढं मात्र तोंडून निघालंच. मराठीत निघालं, तरी दोघं मागे झाले.

बारवर कॉफीसारखी तरतरी आणणारं एक सरबत मिळतं. बाटलीमागे अनामत घेतात, बाटली परत केली की अनामत परत. लोक बाटल्या कुठेही ठेवून जात होते. ठेव पावती टाकून चाललेले ठेवीदार मला बघवेनात. सात बाटल्या गोळा करून काउंटरवर ठेवल्या. बारवरच्या मुलाने नाणी मोजून दिली, वर एक सरबत फुकट.

साडेपाचच्या सुमाराला हे उठले, बाकापासून दोन पावलं पुढे गेले आणि टाच आपटायला लागले. ठोक्यावर, अगदी बरोबर. आमच्या लग्नात बँडवाल्यांनी किती ओढलं होतं, हा माणूस जागचा हलला नव्हता. मी विचारलं, म्हणजे हातानेच, "काय हे?" त्यांनी बोटांनी बशी धरल्यासारखं करून तोंडाशी नेलं. चहा. पाळी संपल्याची खूण.

बाहेर पडताना मनगटावर शिक्का मारला. सोमवारी सकाळपर्यंत परत येता येतं म्हणे. लेक आणि मित्र समोरच्या डोनर कबाबच्या दुकानात काचेशी बसले होते, रात्रभर. एकाच शालीत. मी शालीकडे बघितलं, लेकीने माझ्या कानातल्या फुलवातीकडे बघितलं, आणि विषय दोन्हीकडून काढला गेला नाही. मित्र ह्यांना सांगत होता, बर्लिनचं टेक्नो २०२४ साली जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. "आणि आमचे जुने संच," हे म्हणाले, "भंगारात गेले." मग त्याला सांगायला लागले, भंगारात जायच्या आधी तिथे किती नाचता आलं असतं.

लातूरला परत येऊन महिना झाला. हे पुन्हा नऊला झोपतात. पण दुपारी चारला खुर्चीतून आवाज येत नाही. मी वळून बघते तर बोटांची बशी तोंडाशी. मी मूठ गोल फिरवते. म्हणजे व्हॉल्व्ह तिथेच आहे, ओट्यावर, स्वतः उठून उघडा.