मरणाऱ्या गायीला आणखी एक सुई

गाय बसली ती उठतच नसेल, तर डॉक्टरची वाट कशाला बघायची? मेडिकलमधून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणा. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे खरी, पण माणसांचं इंजेक्शन गायीला टोचलं म्हणून गाय काही तक्रार करत नाही. सरकारने 2015 मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद करून 3 मिलीवर आणलं. म्हणजे चार-पाच फोडाव्या लागतील. गोमातेसाठी एवढे कष्ट घ्याच.

औषध अंगात राहील ही भीती बाळगू नका. साधारण 12 तासांत गायीच्या रक्तातलं निम्मं उरतं, पुढच्या 12 तासांत त्याच्याही निम्मं. यकृत ते मोडतं, मूत्रपिंडं बाहेर टाकतात. अट एवढीच की गाय तोवर जगली पाहिजे. संध्याकाळी सुई दिली आणि पहाटे गाय गेली, तर दोन्ही खाती बंद. औषध राहतं जिथल्या तिथे, आणि मुक्काम नेमका यकृतात नि मूत्रपिंडातच.

मग गाय ओढून माळावर टाका. गिधाड पोट फाडून आधी मऊ अवयवच ओढतं. एका जेवणात त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल आतल्या अवयवांवर खडूसारखं पांढरं साचतं, मान खाली लोंबते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत 1992 ते 2007 या काळात हजारातलं एखादंच उरलं. काळजी नको, हरियाणातल्या पिंजोरला वाढवलेली गिधाडं 2024 मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली आहेत. तुमच्या गायीची सोय झाली! नाहीतर कुत्री आहेतच.

डायक्लोफेनॅक मागायला लाज वाटते? असेक्लोफेनॅक मागा. गायीच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. (2023 मध्ये केटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकासोबत त्यावरही बंदी आली, हे दुकानदाराला तुम्ही सांगू नका.) मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाच्या नादी मात्र अजिबात लागू नका. ते अंगातून लवकर निघून जातं, गिधाडांनाही बाधत नाही. असल्या निरुपद्रवी औषधाने कधी गुण येतो का?

गाय वाचलीच, तर दूध त्याच दिवशी डेअरीला घाला. डॉक्टर म्हणतील, अमुक दिवस घालू नका. त्यांचं काय जातं? डेअरीचं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतं, सुई बघत नाही. घरच्या चहाला तेवढं दुसऱ्या गायीचं ठेवा.