‘घाटात कधी गाडी चढवलीय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘एक सातारकर’,

तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाटाच्या टियागो ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीच्या टेस्ट ड्राइव्हवर मी जे लिहिलं ते म्हणे ‘शोरूमच्या पोराला शेजारी बसवून अर्ध्या तासात बनवलेलं मत’ आहे. बॅटरी गेली की मोठा खड्डा पडतो, वीज शेवटी कोळशाचीच आणि जुनी इलेक्ट्रिक गाडी कुणी विकत घेत नाही, असंही तुम्ही म्हणता. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘ज्यांनी आयुष्यात घाटात गाडी चढवली नाही, त्यांनी सातारकरांना शहाणपण शिकवू नये.’

मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. त्याच लेखाखाली इतरांनीही शंका विचारल्या आहेत, काही तुमच्यापेक्षा अवघड, आणि प्रत्येकाला मी बसून उत्तर दिलंय. पण ‘शहाणपण शिकवू नये’ ही कुठली भाषा? लाखांनी पैसे घालायच्या आधी माणूस चार जणांना विचारतो. त्या चारांतला एक म्हणून मी माझा अनुभव मांडला. नाही पटला तर ‘नाही पटला’ एवढं लिहा, कारण सांगा, विषय संपला. समोरचा कोण, कुठला, त्याने आजवर काय चालवलंय याचा पत्ता नसताना थेट त्याच्या आयुष्यावर शेरा मारायचा, आणि स्वतः मात्र टोपणनावाआड बसायचं! हे मला लागलं. लागलं ते लपवायचं कारणही मला दिसत नाही.

आता घाटाचं बोलू.

माझे वडील एसटीत चालक होते. मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारी गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या बॉनेटला लागून असलेल्या सीटवर बसून केळघर घाट चढलोय. जुलैतल्या धुक्यात दहा फुटांपुढचं दिसत नसताना ते खिडकीतून मान बाहेर काढून कठड्याचे दगड बघत गाडी न्यायचे. मी स्वतः स्टेअरिंग धरलं तेही त्याच रस्त्यावर, काकांच्या जुन्या डिझेल जीपवर. चढाला इंजिन तापलं की जीप कडेला घ्यायची, चाकामागे दगड लावायचा, ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण अर्धा आटा सोडायचं, वाफ पूर्ण ओसरू द्यायची आणि मगच कॅनमधलं पाणी ओतायचं. घाई केली तर हात भाजतो. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तेव्हा घाटात गाडी चढवली नाही म्हणून मला कुणी सुनवावं, आणि तेही साताऱ्यातल्या माणसाने, हे मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

आणि म्हणूनच मी टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्ता घेतला नव्हता. शोरूमची नेहमीची फेरी सर्व्हिस रोडने जाऊन परत यायची असते. मी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट आणि पुढे कासपर्यंत जायचं म्हटलं. त्या मुलाने त्याच्या साहेबांना फोन लावला, त्यांनी परवानगी दिली. तुम्ही ज्याला ‘पोरगं’ म्हणता तो मुलगा रस्ताभर मोजकं आणि मुद्द्याचं बोलला. त्यालाही या वादात ओढायची गरज नव्हती. तुमचा ‘अर्धा तास’ कुठून आला तेही कळलं नाही. इतक्या वेळात कासला जाऊन परत येता येतं का, हे सातारकराला मी सांगायचं?

घाटात एका वळणावर पुढचा भरलेला टेम्पो चढालाच थांबला आणि मलाही थांबावं लागलं. पेट्रोल गाडीत अशा वेळी हँडब्रेक ओढा, हाफ क्लचवर इंजिन घुरघुरवत ठेवा, मागचा किती चिकटलाय ते आरशात बघा, आणि मग क्लच प्लेट जळाल्याचा तो वास. इथे ब्रेकवरचा पाय उचलून अॅक्सिलरेटरवर ठेवला आणि गाडी निघाली. कागदावर बघाल तर पेट्रोल टियागोचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, ११३ न्यूटन मीटर आणि मोठ्या बॅटरीच्या ईव्हीचा ११४, म्हणजे फरक नाहीच. पण पेट्रोल इंजिनाला तो पूर्ण मिळायला ३३०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, जावं लागतं. ईव्हीच्या विजेच्या मोटारीला तो उभ्या गाडीतच हाताशी असतो. चढाला सगळा खेळ याच गोष्टीचा आहे. रेंज किती, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती चालते, ते नंतर बोलू, पण ‘घाटात दम नाही’ हे या गाडीबद्दल म्हणता येणार नाही.

दम आहे, पण चार्ज संपतो, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तोही हिशेब करू. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, कास पठार सुमारे १२०० मीटरवर. म्हणजे चढ झाला साधारण ४५० मीटरचा. गाडी आणि आत बसलेली माणसं मिळून १४०० किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा येते साधारण पावणेदोन युनिट. बॅटरी २४ युनिटची आहे. रस्ता कापायची वीज वेगळी आणि मोटारीत थोडी वाया जाते तीही वेगळी, पण घाटाचा म्हणून जो जादा भार आहे तो बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेरच राहतो. शिवाय उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं. पाय उचलला की मोटार गाडी आवरते आणि वीज बनवून बॅटरीत परत टाकते, त्याला रिजेन म्हणतात, आणि त्याचे टप्पे आहेत. सगळ्यात वरचा लावून मी यवतेश्वरचा उतार उतरलो तेव्हा ब्रेकला पाय लावायची वेळ मोजक्याच वळणांवर आली. सगळं परत मिळत नाही, आणि तसं मी कुठे म्हटलेलंही नाही.

उलट घाटातली खरी अडचण मीच लेखात लिहिली होती आणि ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रिजेनने आलेली वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे सुरुवातीच्या उतारावर रिजेन फारसं धरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पाचगणी-महाबळेश्वरला राहणाऱ्याने रात्रभर चार्जिंग करून सकाळी पूर्ण भरलेली गाडी थेट पसरणी घाटात घातली तर हे नक्की जाणवेल. त्याने ८० ते ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं असं मी सुचवलं होतं. घाट न पाहिलेल्या माणसाला हे सुचलं असतं का, याचा तुम्ही शांतपणे विचार करा.

एक गोष्ट मान्य करतो. स्टेपनी नाही, तिच्या जागी पंक्चर दुरुस्तीचा किट मिळतो, ही गोष्ट लेखात पार तळाशी गेली होती. कास रस्त्याला संध्याकाळनंतर टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नाही. ती वर यायला हवी होती. तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा ओझरता आहे, आणि तेवढा बरोबर आहे.

बाकीच्यांवर मी इथे फार शब्द घालवणार नाही. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. त्यापुढची भीती ज्याला वाटते त्याने गाडी घेऊ नये, माझी जबरदस्ती नाही. कोळशाचा वाद गावच्या पारावर घालू. रिसेलचं म्हणाल तर दहा वर्षं वापरायच्या हिशेबाने गाडी घेणाऱ्यांसाठी मी लिहितो.

रेंजबद्दल मात्र पुन्हा सांगतो, कारण यात लोकांची फसगत होते. गाडी बाजारात आली तेव्हा मोठ्या बॅटरीची जाहीर रेंज ३१५ किलोमीटर होती. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून होते. प्रत्यक्षात दोनशेच धरा, हे मी लेखातही ठळक लिहिलंय. साताऱ्याहून पुणे एका बाजूला ११० किलोमीटर, वाटेत खंबाटकी. म्हणजे एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होत नाही. पुण्यात किंवा हायवेवरच्या हॉटेलात फास्ट चार्जरला लावावीच लागते, आणि तिथे १० वरून ८० टक्के व्हायला तासभर जातो. चार्जर बंद असला किंवा आधीच कुणी लावून जेवायला गेला असला, तर दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं. ज्याला आठवड्यातून दोनदा पुणं आहे त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याला साताऱ्यातल्या साताऱ्यात गोडोली ते एमआयडीसी आणि महिन्यातून एखाददा कराड आहे, त्याने जरूर बघावी.

टीकाच करायची होती तर एक जागा मी मोकळी ठेवली होती, ती तुम्हाला दिसली नाही. वीजबिल. महावितरणच्या घरगुती मीटरला १०० आणि ३०० युनिटला दराची पायरी चढते. रोज ३० किलोमीटर फिरणारी गाडी चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला १२० युनिटांच्या आसपास खाते. घराचा वापर आधीच २०० असेल तर तुम्ही तीनशेच्या वर जाता आणि वरची युनिटं महाग पडतात. तरी पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण शोरूममध्ये सांगतात तेवढं नाही. पुढच्या लेखात हा हिशेब माझ्या घरच्या बिलावर मांडणार आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांचा पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटचा आणि सोसायटीच्या परवानगीचा प्रश्नही त्यात घेईन, कारण साताऱ्यात घाटापेक्षा त्यावरच जास्त गाड्यांचं बुकिंग अडतंय.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. गाडीबद्दल, आकड्यांबद्दल, रस्त्याबद्दल कितीही कडक लिहा, उत्तर मिळेल. कुणी काय चालवलंय आणि काय नाही, यावर पुन्हा घसरलात तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.